तीन लांब, दोन आखूड

६ मे २००३

ती. बाबांस,
कोरीनचा सा. न. वि. वि.

विनंती मागाहून, आधी विशेष. आपला धाकटा कॅझ काल पुन्हा निसटला. आई खिडकीतून, गावावरून जाणाऱ्या तुमच्या मालबोटीला हात हलवत होती, तेवढ्यात हा मागच्या दारानं गेला. सरोवराकाठी लाटा अडवायच्या दगडांवर शेजारच्या वांडाकाकूंना सापडला. पायात एकच बूट. नऊ वर्षांचा झाला, एक शब्द बोलत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही. दर वेळी तिथे वांडाकाकू असतीलच असं नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑटिझम असलेल्या मुलांसाठी खास शिकवलेले कुत्रे मिळतात. कुत्र्याचा पट्टा मुलाच्या कमरेला बांधतात. मूल धावलं की कुत्रा जमिनीवर बसतो आणि जागचा हलत नाही. ओहायोतल्या एका बाईंकडे मेबल नावाची कुत्री तयार आहे. तेरा हजार डॉलर. ऑगस्टअखेर भरले नाहीत तर ती यादीतल्या पुढच्या मुलाकडे जाईल. विम्याच्या गृहस्थांनी मला समजावलं की पाळीव प्राण्यांचा खर्च ते देत नाहीत. मी विचारलं, पोरगा बुडाल्यावर देता का? त्यांनी फोन ठेवला.

म्हणून मी कॉफीच्या रिकाम्या डब्यांवर कॅझचा फोटो चिकटवला आणि गावातल्या प्रत्येक दुकानात गल्ल्याशेजारी एकेक ठेवला. जूनमध्ये खलाशांच्या युनियनच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवणही ठेवतेय. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण तुम्ही नाही म्हणाला असता.

तब्येतीस जपा. लोभ आहेच, हे वाचूनही राहू द्या.

तुमची कोरीन

१५ मे

चि. कोरीन हिस,
अ. उ. आ.

आशीर्वाद रीतीचा म्हणून दिला. पुढचं वाच.

डाकबोटीवरून बादलीत तुझं पत्र वर आलं, त्याआधीच मला बातमी कळली होती. आमचा स्टॅन सुट्टीवरून परतला आणि जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत म्हणाला, लेन, तुझ्या पोराला बिअरच्या दुकानात बघितला, सिगारेटी आणि लायटरच्या मधे बसलाय. सगळे हसले. मीही हसलो. ते हसणं मला अजून पचलेलं नाही.

तीस हंगाम मी या बोटींवर काढले, कुणाकडे काडेपेटी मागितली नाही. आपल्या घरातलं पहिलं माणूस कॉलेजात गेलं ते भीक मागायची पदवी घ्यायला का? सगळे डबे उचल. मी हिवाळ्यात गोदीत दुरुस्तीचं काम धरतो. दोन हिवाळ्यांत तुझी कुत्री येते.

आणि पोरासाठी मी काहीच करत नाही असं समजू नकोस. त्याला द्यायला माझ्याकडे एकच गोष्ट आहे, ती मी चुकवत नाही. गावावरून जाताना सलामीचा भोंगा आणखी लांब ओढायला कप्तानाला सांगितलंय. तीन लांब, दोन आखूड. जगातल्या सगळ्या आवाजांना पोरगा कान झाकतो, या एकाला नाही.

आईला सांभाळ. डबे उचलल्याचं कळव, मग लोभाचं बघू.

बाबा

२७ मे

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

एकही डबा उचललेला नाही.

गावातल्या एडच्या घराला आग लागली तेव्हा याच हॉलमध्ये तुम्ही ॲप्रन बांधून दिवसभर मासे तळलेत. ती मदत होती. आपल्या घरी आली की तिची भीक कशी होते?

राग तुमच्या एकट्यावर नाही. बारवाला फ्रिट्झ म्हणतो, एवढ्या पैशांत बारा शिकारी कुत्रे येतील, वर पाद्र्यासाठी एक. डबा मात्र त्यानं ठेवून घेतलाय. चर्चच्या समितीतल्या डोलोरेसबाईंचं म्हणणं, जेवणाच्या वेळी कॅझला स्टेजवर उभा करावा; लोक पैसे देणार, तर कशासाठी देतोय ते त्यांना दिसायला नको का? मी म्हटलं, चर्चच्या छपरासाठी वर्गणी काढलीत तेव्हा छप्पर आणून दाखवलं होतं का? त्यावर त्या म्हणाल्या, शिकलेल्या मुलीनं जरा हसून मागावं. मी हसले नाही. कॅझ येणार नाही.

दोन हिवाळे थांबायला सरोवराची तयारी आहे का, ते तुम्हीच त्याला विचारा. रोज त्याच्यावरच असता.

लोभ मी तरी कमी करणार नाही.

कोरीन

१५ जून

बाबा,

नमस्कार. आज रीतीचं काही लिहायला हात वळत नाही.

काल जेवण झालं. हॉल भरला होता. तुमची बोट संध्याकाळी गावावरून जाणार हे युनियनवाल्यांना माहीत होतं. त्यांनी कप्तानाला रेडिओवर सांगितलं, आज पोरासाठी जोरात वाजव. तुम्ही वाजवलंत. सगळे हातातल्या ताटल्यांसकट बाहेर आले, टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

त्याच वेळी घरी कॅझ न्हाणीघराच्या खिडकीतून उतरला आणि छोट्या बोटी सोडायच्या उतारावरून सरळ पाण्यात चालत गेला. गळ्यापर्यंत. आईला पोहता येत नाही. तीही गेली. केसांना धरून तिनं त्याला ओढून आणला.

घरी येऊन मी तिच्यावर ओरडले, एवढा एक मुलगा तुला सांभाळता येत नाही का. ती टॉवेलात गुंडाळून बसली होती. म्हणाली, दर वेळी लेनचा भोंगा वाजला की तो जातो, मला पहिल्या खेपेपासून माहीत आहे. मग सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, त्या माणसाकडे पोराला द्यायला तेवढंच आहे, तेही मी काढून घेऊ?

तिच्या त्या माहीत असण्याचा, तुमच्या भोंग्याचा, माझ्या टाळ्यांचा मला इतका राग आलाय की लिहिताना कागद फाटतोय. बाबा, तो घरातून पळून जात नाही. तो तुमच्याकडे येतो.

पैसे पुष्कळ जमले. पुरे नाहीत.

कोरीन

२५ जून

चि. कोरीन हिस,
अ. उ. आ., या वेळी मनापासून.

कप्तानाला सांगितलं, आता वाजवायचं नाही. त्यानं कारण विचारलं, मी सांगितलं. गुरुवारी गावावरून मुकाट गेलो. मी डेकवर उभा होतो. आपल्या अंगणात वाळणाच्या दोरीवर माझा निळा शर्ट दिसला.

काल मी स्वयंपाकघरातला कॉफीचा डबा रिकामा केला आणि जेवताना टेबलावर फिरवला. स्टॅन म्हणाला, काय लेन, भीक का? मी म्हटलं, हो, टाक. त्यानं टाकले. मी डबा तसाच धरून राहिलो, मग त्यानं आणखी टाकले. ड्राफ्ट सोबत आहे. दर बंदराला फिरवीन. डब्याला लावायला कॅझचा एक फोटो पाठव, चांगला, ज्यात केस विंचरलेले असतील.

एडच्या घराचं तू लिहिलंस ते लागलं. लागायलाच हवं होतं.

आईला म्हणावं, थंड पाण्यात पुन्हा जाऊ नकोस. लोभ होताच, मी मधे उगाच अडवून धरला होता.

बाबा

३ सप्टेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या डब्यानं उरलेले पैसे पुरे झाले आणि मेबल आली. काळी, जाड, आणि कुणाचंही न ऐकणारी. म्हणजे आपल्याच घरातली. कॅझ तिच्याकडे बघत नाही, पण झोपताना पाय तिच्या पोटाखाली घालतो. शाळेनं कळवलंय की कुत्रीबाबत विचार करू. सोमवारी मी तिथे भांडायला जाणार आहे.

तुमचा भोंगा थांबल्यापासून तो घराबाहेर गेलेला नाही. तुमची बोट दिसली की खिडकीत उभा राहतो. ती पुढे गेली की तोंडानं भोंगा वाजवतो. तीन लांब, दोन आखूड. घसा बसेपर्यंत. नऊ वर्षांत आम्ही ऐकलेला त्याचा रडण्याओरडण्यापलीकडचा पहिला आवाज हा आहे, आणि तो मला सहन होत नाही.

डोलोरेसबाई म्हणाल्या, भोंगा बंद आणि पोरगाही घरात, मग कुत्री कशाला हवी होती? म्हणजे मुलाचे बाबा बंद ठेवायचे, गावाचे पैसे वाचवायचे. मी काय उत्तर दिलं ते आईनं लिहू नकोस म्हटलंय.

ओहायोच्या बाई इथेच आहेत. त्यांचं म्हणणं, मेबलची खरी परीक्षा खऱ्या भोंग्यावरच होईल. शनिवारी तुम्ही गावावरून जाल. आम्ही उतारावर असू. कॅझच्या कमरेचा पट्टा मेबलला, मेबलचा पट्टा माझ्या हातात, आणि आई पाण्याच्या बाजूला. मला भीती वाटतेय. आईला माझ्याहून जास्त.

तरीही कप्तानाला सांगा, वाजव. पुरा वाजव, एकही आखूड न गाळता. मी डेकवर बघेन. तुम्ही तिथे नसलात तर तुमच्याशी बोलणार नाही.

लोभ असावा, आणि तो गावभर ऐकू यावा.

तुमची कोरीन