वैनगंगेत सोडलेली निळी फाईल

१२ नोव्हें., बुध.
नागपूरहून परत. डोकं फिरलंय. रक्तातला पीएसए तिसऱ्यांदा चढला म्हणून प्रोस्टेटचा नवा एमआरआय काढला, तर त्यात डाग. तीन वर्षांपूर्वी रेडिएशनचा शेक देऊन जाळलेल्या कॅन्सरच्या गाठीचा व्रण, की आजार उलटतोय? डॉ. म्हणाले, 'एका फोटोवरून नाही सांगता येत. शेकाच्या आधीचा एमआरआय आणा. दोन्ही शेजारी ठेवले की पुढचा अंदाज बांधता येईल.'
यात काय अवघड? लोखंडी कपाट, खालचा कप्पा, निळी फाईल.
फाईल नाही.

१३ नोव्हें.
घर पालथं घातलं. बायकोला, मंदाला, 'पेन्शनच्या कामाला हवी' एवढंच सांगितलं. ती गॅसपुढून न वळता म्हणाली, 'ते त मी कवाचीच गंगेत सोडली जी.'
वैनगंगेत, कारध्याच्या पुलावरून! लाल फडक्यात बांधून, नारळासकट. फिल्म, सीडी, बायोप्सीचा कागद, सगळं. वर मलाच विचारते, 'पीडा गेली, मंग तिले घरात कायले ठेवाची?'
एकतीस वर्षं तहसिलीची रेकॉर्ड रूम सांभाळली. सात-बाराचा एक चिटोरा हरवू दिला नाही. आणि माझा स्वतःचा कागद मासे खाताहेत. ओरडलो, घसा बसेपर्यंत. शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, नीट ऐकू यावं म्हणून. ऐका म्हणावं.
जेवलो नाही.

१४ नोव्हें., शुक्र.
स्कॅन सेंटरला चार फोन. तिथली मुलगी: 'काका, सिस्टीम बदलली, इतकं मागचं नाही निघत.' म्हटलं, बाई, इंग्रजांच्या काळातली जमिनीची फेरफार नोंद मी दहा मिनिटांत हातात देत होतो. तुमचं तीन वर्षांचं निघत नाही? 'होल्ड करा काका.' केलं. गाणं वाजलं. मग फोनच कटला.
डॉ.च्या कार्डावर नुसतं 'शेक पूर्ण'. गाठ नेमकी कुठं होती, त्याचा पत्ता नाही. हलकट कारभार सगळा.

१६ नोव्हें., रवि.
मंदाशी बोलणं बंद. चहा आणून ठेवते, पितो. काल तिच्याबद्दल इथं अर्धं पान लिहिलं होतं. अडाणी, अंधश्रद्ध, आणखी बरंच. आज खोडलं.
कारण फाईल केव्हा सोडली ती तारीख हवी होती, म्हणून त्या सालची रोजनिशी काढली. माझंच अक्षर:
'शेक संपला. डॉ. म्ह., दर सहा महिन्यांनी रक्त तपासा, उलटू शकतं. हिला सांगितलं, कायमचं गेलं, विसर आता. रडली. बरं वाटलं.'
दोन दिवसांनी: 'मंदा कारध्याला जाऊन आली. कशाला ते विचारलं नाही.'
तेव्हापासून रक्त तपासायला जातो ते तिला 'शुगर बघायला' सांगून. बुधवारचं नागपूरही तिच्या लेखी पेन्शनचंच.
साला, एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या खोट्या नोंदी पकडल्या.
राग आहे तसाच आहे. तिच्यावर काढता येत नाही, एवढंच.

१८ नोव्हें., मंगळ.
डॉ.चा फोन. जुना फोटो नसेल तर दोनच वाटा. तीन महिन्यांनी पुन्हा एमआरआय काढून डाग वाढतो का पाहायचं, नाहीतर आत्ताच सुई घालून तुकडा काढायचा. शेक दिलेल्या जागी सुई जरा जोखमीची. थांबणंही जोखमीचंच. 'घरी बोला, ठरवा, सोमवारी या.'
घरी बोला! याला काय जातंय बोलायला.

१९ नोव्हें., बुध.
बोललो. ती सुपात तांदूळ निवडत होती. उलटलं असेल, नसेलही, असं सांगितलं. तेव्हा डॉ. काय म्हणाले होते तेही. शुगरचं, पेन्शनचं, सगळं.
सूप तसंच हातात धरून बसली. मग म्हणाली, 'म्हंजे त्या रोजी पुलावर मी हात जोडून उभी होती, अन् तुमाले मालूम होतं?'
हो म्हटलं.
'मले काहून नाही सांगतलं? मी का मरून जाणार होती आयकून?'
तुला त्रास नको म्हणून, असं काहीतरी पुटपुटलो. माझं मलाच पटलं नाही.
तिनं सूप खाली ठेवलं. 'सोमवारी मी बी येईन नागपूरले. तुमाले काईच नाही विचारत आता. डाक्टरलेच विचारीन.'
सुई की तीन महिने, ते काही ठरलं नाही.