नवाबचे मांडीपर्यंतचे मोजे

शहागंज, छत्रपती संभाजीनगर
रविवार

प्रिय पुंजाराम,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी घाबरला असशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकतो: घरात सगळे खुशाल आहेत. दहावीनंतर मी तुला कधी पत्र लिहिल्याचं मला तरी आठवत नाही. पण फोनवर तू "बरं हाय, गिरणीत गर्दी हाय" म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्राचं तसं करता येणार नाही. गिरणी घटकाभर बंद कर, खाटेवर बस आणि पूर्ण वाच.

माझ्या डाव्या पायाचं लेझर झालं. लेझर म्हटल्यावर डोळे मोठे करू नकोस, सगळं सांगतो. विसाव्या वर्षी देवगाव सोडून मामूंच्या नानच्या भट्टीवर आलो, तेव्हापासून मी उभाच आहे. मामू गेले, भट्टी माझी झाली, पण उभं राहणं काही सुटलं नाही. सात-आठ वर्षांपूर्वी पोटरीवर शिरा फुगायला लागल्या. आधी सुतळीएवढ्या, मग करंगळीएवढ्या, निळ्या, वेड्यावाकड्या. संध्याकाळी पाय असा जड व्हायचा की पोटरीत कुणी ओली वाळू भरली असं वाटायचं. मी काय केलं? पायजमे लांब शिवून घेतले! एकानं तेल सांगितलं, ते चोळलं. एकानं तांब्याचं कडं सांगितलं, ते घातलं. पायाला काही फरक नाही, कडं मात्र हिरवं पडलं.

मग घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळी पडली. लई खाजायची. एक दिवस तिथं रुपयाएवढी जखम झाली आणि भरेचना. ती मी अमिनापासूनही लपवली. पस्तीस वर्षांच्या संसारात मी तिच्यापासून फक्त दोन गोष्टी लपवल्या, एक ही जखम आणि दुसरी म्हणजे मला तिच्या हातची कारली आवडत नाहीत.

भांडं फुटलं ते एका शुक्रवारी, ऐन दुपारच्या गर्दीत. मी एका पायानं दुसऱ्या पायाची पोटरी खाजवली. थोड्या वेळानं चपलेत ओलं लागलं. वाटलं, पाणी सांडलं असेल. खाली बघतो तर रक्त, आणि ते थेंब थेंब नव्हे, बारीक धार! दुखत मात्र काहीच नव्हतं. नशीब माझं की युसरा डबा घेऊन आलेली होती. आमची युसरा आता फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिनं मला फरशीवर आडवं केलं, पाय मैद्याच्या गोणीवर चढवला आणि स्वच्छ फडकं घेऊन दहा मिनिटं गच्च दाबून धरलं. रक्त थांबलं. गिऱ्हाईकं गोल करून उभी. त्यातल्या एका चाचांनी वाकून विचारलं, "नवाबमियाँ, और कितनी देर? चार नान बाकी हैं." मी आडवा पडूनच अफजलला हाक मारली आणि त्यांचे नान काढायला लावले. धाकट्या भावाचा असाही उपयोग होतो.

त्याच दिवशी मायलेकींनी मला शिरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर राजनंदिनी. वयानं माझ्या मुलीसारखी. तिच्यापुढं पायजमा वर करायचा म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मात्र हसून म्हणाली, "काका, मी दिवसभर पायच बघते. चेहरे मला नंतर आठवतात." मग तिनं मला उभं करून पायाची सोनोग्राफी केली. पडद्यावर माझं रक्त वर चढायचं आणि परत खाली घसरायचं. ती झडपांचं काहीतरी सांगत होती, पण मला कळलं ते तुझ्या विहिरीवरून. मोटारीच्या पाइपाला खाली ते बसवतात ना, सगळं गाव ज्याला फुटबॉल म्हणतं? त्याचा पट्टा गेला की चढलेलं पाणी परत विहिरीत. पायाच्या शिरांतही अशाच झडपा असतात. रक्त वर काळजाकडं ढकलायचं काम पोटरी करते, ते खाली येऊ न द्यायचं काम झडपा करतात. एका जागी उभं राहिलं की पोटरी काम करत नाही, झडपा ढिल्या पडतात, रक्त साठतं, शीर फुगते. मी हे फुटबॉलचं सांगितलं तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, उद्यापासून मी सगळ्यांना हेच सांगणार."

अमिनानंही तेवढ्यात आपला पाय पुढं केला. तिच्या मांडीवर आणि गुडघ्यामागं लाल-जांभळ्या बारीक रेषांची जाळी आहे, कोळ्यानं विणल्यासारखी. डॉक्टरांनी नीट तपासलं आणि सांगितलं, तुमच्या पायात धोक्याचं काही नाही, दिसायला नको असेल तर बारीक सुईनं औषध घालून घालवता येतील. अमिना म्हणाली, "राहू द्या, बघायला कोण येतंय?" मी म्हणालो, मी येतो. डॉक्टरसमोर तिनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की पायाचं दुखणं विसरलो.

लेझरचं सांगायचं तर, पाय तेवढा बधिर केला. मी जागा होतो, गप्पा मारत होतो. बारीक तार शिरेत घालून ती बिघडलेली शीर आतून बंद केली. मी विचारलं, मग रक्त कुठून जाणार? तर म्हणाल्या, आतल्या चांगल्या शिरा आहेत, त्या काम बघतील. तासाभरानं मी माझ्या पायांनी चालत बाहेर आलो. दोन दिवस मांडीत ओढल्यासारखं झालं, निळे डाग पडले, बस्स.

खरी शिक्षा पुढं होती: मोजे! मांडीपर्यंतचे, कातडीच्या रंगाचे, इतके घट्ट की पहिल्या दिवशी एका बाजूनं अमिना, दुसऱ्या बाजूनं युसरा ओढत होत्या आणि मी पलंगाला धरून ओरडत होतो. युसरानं मग पावलाला प्लास्टिकची पिशवी घालून मोजा सरकवायची युक्ती शोधली. आता सकाळी पलंगावरून उतरायच्या आधीच घालतो. भट्टीशी उभा असलो की मधूनमधून टाचा उचलतो. गिऱ्हाईकांना वाटतं, म्हाताऱ्याला नाच सुचलाय. जखमेवर दर आठवड्याला पट्टी बदलत होते. सातव्या आठवड्यात ती भरली. डाग आहे, पण कातडी धड आहे. मी घोट्यावरून हात फिरवून बघतो रोज.

आता खरं कारण. गेल्या बुधवारी वच्छलावहिनींचा अमिनाला फोन आला होता. बोलता बोलता त्या रडल्या. तू तीन महिने घोट्याला लुगड्याची चिंधी बांधून गिरणीत उभा राहतोस, विचारलं तर काटा लागला म्हणतोस, आणि आता ती चिंधी ओली व्हायला लागलीय, असं सांगत होत्या. वहिनींवर रागावू नकोस. तू का दाखवत नाहीस, ते मला माहीत आहे. तुझ्या अप्पांचा पाय कापायचा ठरला त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर तुझ्या शेजारी मीच बसलो होतो. माझी जखम मी चार महिने का लपवली असं तुला वाटतं? मलाही तोच बाक दिसत होता, पुंजा. माझा पाय कुणी कापला नाही. तुझं काय आहे ते मला ठाऊक नाही, डॉक्टरीणबाईही बघितल्याशिवाय सांगणार नाहीत. साखर आहे का, पावलाकडं रक्त नीट उतरतं का, हे आधी तपासू म्हणाल्या, आणि तोवर घट्ट काही बांधू नका. म्हणून माझे मोजे पाठवत नाही, स्वतःच येतोय. गुरुवारी अकराला तुझं नाव लावलंय. ऋतुराजशी बोललोय, तुझा लेक दोन दिवस गिरणी बघेल. बुधवारी सकाळच्या एसटीनं मी तुझ्या दारात असेन. नाही म्हणालास तर तिथंच ओट्यावर बसून राहीन, आणि एक सांगून ठेवतो, डॉक्टरांनी मला पाय वर करून हवा तेवढा वेळ बसायला सांगितलंय.

तुझाच,
नवाब