डोहाची राखण

मु. बिंदुसरेकाठची वाडी, बीड
ता. २ मे १९१६, मंगळवार

चि. पौलस यास,

अक्काचा प्रभूमध्ये सलाम व आशीर्वाद. इकडे सर्व ठीक आहे, तुझी खुशाली कळव. जालन्याला ऊन इथल्यासारखंच भाजतं का? आणि तुझा डोळा कसा आहे? ईस्टरला आलास तेव्हा लाल होऊन सुजला होता. चिलट गेलं म्हणालास. तूप लावत जा.

मंडळीचं जेवण आटोपून तू लगेच बीडच्या गाडीने निघालास, म्हणून पुढचं तुझ्या कानावर आलं नसेल. निदान मी तसं धरून चालते. त्याच दुपारी गुराख्यांना डोहात मासे उताणे तरंगताना दिसले. देवाचे मासे म्हणून त्यांना आजवर कोणी गळ लावला नव्हता. कोणीतरी शेराची झाडं तोडून, ठेचून त्यांचा विषारी चीक पाण्यात सोडला होता. नदी कधीच आटली आहे, तो डोह तेवढा उरला होता. ते पाणी पिऊन म्हशींना हगवण लागली आणि एकीचं पारडू मेलं. आता गाव वरच्या विहिरीवर जातं. तिथे आपल्या लोकांना उभं करत नाहीत, तेव्हा आम्ही वाळूत झिरे उकरून वाटी वाटी पाणी भरतो.

आप्पाराव पाटलांनी आपल्या सगळ्यांना चावडीवर बोलावलं. म्हणाले, "तुमच्याबिगर डोहाला हात लावायची छाती कुनाची हाय? तुमाला देवाचं भ्या ऱ्हायलं न्हाई." मी तोंडावर सांगितलं की आम्हाला देवाचं भय तुमच्याहून जास्त आहे.

मला आधी पाटलांचाच संशय आला होता. जावई आले की त्यांच्या घरी मासे कुठून येतात, हे मला कोणी सांगायला नको. मग पुजाऱ्याचा आला. मेलेले मासे सोडून मी सगळ्यांचा संशय घेतला म्हण ना. एक नाव तेवढं मागे ठेवलं.

पाटलांनी धरला आपला रामहरी. त्याच्या झोपडीमागचं शेराचं कुंपण तोडलेलं सापडलं, एवढाच पुरावा. गेल्या नाताळात बाप्तिस्मा घेतलेला माणूस, तू उपदेश केलास म्हणून आलेला. मी त्याला एकटा गाठून विचारलं. म्हणाला, "अक्का, म्या तोडलं न्हाई. कुनी तोडलं ते बघितलं. पर ज्यानं मला प्रभूचं नाव सांगितलं, त्याचं नाव म्या कावून घेऊ?"

पौलस, ईस्टरच्या जेवणाला तू आणलेले मासे मीच साफ केले होते. एकाच्याही जबड्याला गळाची जखम नव्हती. पालीच्या छबुबाई कोळणीकडून आणले असं तू म्हणालास, म्हणून मी गप्प बसले. परवा मी पालीला गेले. छबुबाई म्हणाली, "पानी गुडघ्याला आलंय, जाळं टाकून काय चिखल धरू? शिमग्यापसून जाळं वलं झालं न्हाई." शेराचा चीक डोळ्यात उडाला की डोळा कसा सुजतो, हे आपण लहानपणी पाहिलं आहे. चिलटाने तसा सुजत नाही.

तू असं का केलंस, तेही मला वाटतं कळलं. ईस्टरच्या उपासनेत तू गरजलास, की माशांवर देवाने माणसाला सत्ता दिली आहे, त्यांची पूजा कसली करता? मासा देव नाही, हे मलाही पटतं. म्हणून तो कोणाचाच नाही असं होतं का? त्याच पुस्तकात पुढचं पान उलट. देवाने आदामाला बागेत ठेवलं ते मशागत करायला आणि राखण करायला. राखणदाराने दोन कणसं भाजून खाल्ली तर मालक रागावत नाही. तू तर उभं शेत पेटवलंस. हे लोक भिऊन का होईना, पण पिढ्यान्‌पिढ्या डोह राखत आले. आपण भीती टाकली, तेव्हा आपण त्यांच्याहून चांगलं राखायला हवं होतं. मला फार लाज वाटते, आणि तुझा रागही येतो.

आता आम्ही रोज सकाळी डोहावर जातो. मेलेले मासे काढून पुरतो, चिखल उपसतो. गाव लांबून बघतं. पापाचा पुरावा लपवतायत, असंही म्हणतात. म्हणू देत.

येत्या सोमवारी रामहरीला बीडला तहसीलदारांपुढे नेणार आहेत. तो तुझं नाव घेणार नाही, मुकाट कैदेत जाईल. घरी त्याची म्हातारी आंधळी आई आहे.

तू रविवारी ये आणि स्वतःच्या तोंडाने सांग. चीक ओतताना म्हशींचं, आमच्या पाण्याचं तुझ्या मनात आलं नसेल, हे मी कुणालाही शपथेवर सांगेन. आई गेल्यावर तुला मी कडेवर वाढवलं, तुझं वाईट माझ्याच्याने बघवणार नाही. पण तू आला नाहीस, तर सोमवारी गाडी जुंपायच्या आत मी चावडीवर उभी राहीन.

तुझी अक्का, आणि तू न आल्यास रामहरीची साक्षीदार,
भिवराबाई