नारिंगीच्या पुढे

प्रिय दादा,

पत्र बघून तू हसशील. चौथीत शाळा सुटली तेव्हापासून मी सहीपलीकडे काही लिहिलं नाही, तेव्हा चुका काढू नकोस. समोर येऊन बोलले असते तर तू मधेच बोलला असतास आणि मी गप्प बसले असते. कागदाला मधे बोलता येत नाही.

आईचा गुडघा कसा आहे? दोन गल्ल्या टाकल्या की तुझं घर, पण महिना झाला, तुमच्याकडून इकडे कुणी फिरकलं नाही. आईला सांग, पोरीला खालचे दोन दात आलेत. सगळ्यांना चावते, ह्यांना मात्र नाही. ह्यांच्या मांडीवर ठेवली की जिथे पाय संपतो तिथली पट्टी चाचपत बसते, खेळणं समजून. हे नुसते बघत राहतात. मग मी भांड्यांचं निमित्त करून मोरीत जाते.

तुझ्याकडचा तो मोठा कारखाना बंद पडला, तू घरी बसलास, वहिनीचं तोंड सुटलं, तेव्हा मीच ह्यांच्या मागे लागले होते. तुमच्या मालकाकडे दादासाठी शब्द टाका म्हणून. हे कुणापुढे तोंड उघडत नाहीत, पण माझ्यासाठी गेले. तू भट्टीवर मिस्त्री म्हणून आलास, ह्यांच्याही वर. मला कोण आनंद, माहेरच शेजारी आलं!

आल्या दिवसापासून तुझं सुरू झालं, आमच्याकडे असं, आमच्याकडे तसं. तुमच्याकडे खाणीतल्या दगडातून नवंकोरं लोखंड काढतात, ते पांढरंफटक होईपर्यंत तापवतात, मग रोलरखाली लोण्यासारखं पसरतं. सगळं मशीन करतं, माणसं काचेच्या खोलीत बसून चहा पितात. असेल बाबा. इथे भंगार वितळवून ठोकळे करतात. मोडक्या गाड्या, जळक्या मोटारी, सगळं त्यात. हे मला जेवताना सांगायचे, मोटारींच्या तारांचं तांबं त्यात राहून जातं, म्हणून ठोकळा नारिंगी झाला की बाहेर काढायचा, त्याच्या पुढे तापवला की फाटतो. आणि इथे ठोकळा दाबून रोलरमधून आलेली तापलेली कांब माणूसच सांडशीने पकडतो आणि फिरवून परत घालतो. मी अडाणी, पण मला हे कळलं. तुला कसं नाही कळलं रे?

त्या दुपारी मी डबा घेऊन जाळीबाहेर उभी होते, पोर कडेवर. तू ओरडलास, भट्टी वाढवा, अजून वाढवा, हे काय आंघोळीचं पाणी तापवताय? हे म्हणाले, दादा, भंगार आहे, नारिंगीच्या पुढे नको. तू चारचौघांत हसलास. जावईबापूंना ऊन लागतंय, छत्री आणा रे कुणीतरी, म्हणालास. सगळे खिदळले. हे खाली मान घालून आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले. कांब रोलरमधून बाहेर आली ती तोंडाशी फाटूनच. एक फाक ह्यांच्या सांडशीत आली. दुसरी वळली आणि पायाला गुंडाळली. डबा माझ्या हातातच होता. हॉस्पिटलात पोचले तरी हातातच होता.

तिथल्या जिन्यात तू माझा हात धरून रडलास. तू काही पाहिलं नाहीस, हो ना, म्हणालास. माझी नोकरी गेली तर आईला कुठे ठेवू? मी मान हलवली. मला वाटलं, दादा घाबरलाय, त्याला सांभाळायला हवं. तू साहेबांना काय लिहून दिलंस ते मला काल कळलं. ह्यांच्या जोडीचा सांडशीवाला येऊन ते वाचून दाखवून गेला. ठोकळा बरोबर तापला होता, पकडणाऱ्याचं लक्ष नव्हतं. खाली तुझी वळणदार सही. हे ऐकत होते. म्हणाले, असेल, माझंच लक्ष नसेल. दादा, पाय गेला त्या दिवशीही मी एवढी घाबरले नव्हते.

चूक ह्यांची ठरली तर कारखान्याची ही खोली जाईल. हे असे, पोर एवढंसं, मी कुठे जाऊ? आणि तोंड उघडलं तर तुझं दार मला बंद. आई तुझ्याच दाराआड.

सोमवारी चौकशी आहे. कुणी पाहिलं का, असं साहेब विचारतील. मी येणार आहे, पोर कडेवर घेऊन. तू काय म्हणालास, हे काय म्हणाले, ते छत्रीचंसुद्धा, सगळं सांगणार. भीती वाटतेच, तरी सांगणार. तुला आधी कळवते कारण तू माझा दादा आहेस. माझ्या आधी तूच उठून खरं बोललास तर मी एक शब्द बोलणार नाही, पोरीला घेऊन गुपचूप घरी जाईन. नाही बोललास तर संध्याकाळी आईला हे पत्र वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस. लहानपणी अंधाराला घाबरायचे म्हणून तू जे नाव ठेवलंस, तेच खाली लिहिते.

तुझीच,
भागूबाई