पहिला घोट आईचा

सरावली, २१ जुलै २०२५

तीर्थरूप दादास, दीपाचा शि. सा. न. वि. वि.

फोन केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि उचलते आईच. म्हणून हे पत्र. आधी नीट बस, मग वाच.

आमच्या ह्यांच्या पिण्याचं तुला ठाऊक आहेच. कंपनीतल्या एकाने सांगितलं, बोईसरजवळच्या पाम गावी रविवारी दारू सोडलेले लोक जमतात, एकमेकांना सावरतात, प्रवचन कुणी देत नाही. हे येईनात, तेव्हा म्हटलं आपणच बघून येऊ. पाटी नाही, काही नाही. टपरीवाल्याने मला भजनी मंडळात पाठवलं, तिथे निम्मा अभंग ऐकून बाहेर पडले. शेवटी एका कामगाराने हिंदीत हळूच सांगितलं, शाळेच्या मागची खोली.

दारात पाऊल ठेवलं. दादा, बाकावर आई होती. आपली आई. रविवारी बोईसरला सुकट विकायला जाते ना, ती टोपली बाकाखाली होती. उभी राहून म्हणाली, "मी सोजराबाई. मी बेवडी हाय." सगळ्या पुरुषांनी तिला एका सुरात नमस्कार केला. मला वाटलं, माझ्या कानातच काही बिघडलं.

बाबा गेल्यापासून घेत होती म्हणे, पहाटे मासळी निवडायला जायच्या आधी. शिमग्यापासून थेंब नाही. बाहेर आल्यावर माझं मनगट धरून म्हणाली, "धर्मेशला तूच सांग. पुनवेला बोटीचा घोट मला देऊ नको. एक घेतला तर मी थांबणार नाय."

लवकर लिही, माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नको.

तुझी दीपा

एडवण, २६ जुलै

चि. दीपास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि बोटीवर जाऊन बसलो. आधी तुझाच राग आला. वाटलं, नवऱ्याचं झाकायला पोरगी आईवर घालते. मग जेवताना आईकडे बघत राहिलो, तर तिने विचारलं, माझ्या तोंडावर काय मासा चिकटलाय का. बाबांच्या बाटल्या ओट्यावर फोडणारी हीच बाई! एका घरात राहून मला वास कसा आला नाही? सुकटीत झाकला गेला असेल, नाहीतर संध्याकाळी माझ्याच तोंडाला असतो म्हणून.

पण घोटाचं जमणार नाही. आपल्या घरची रीत तू विसरलीस का? नारळी पौर्णिमेला देवीच्या नावाने बोटीवर दारू शिंपडायची, वाटीतला पहिला घोट घरच्या थोरल्या बाईने घ्यायचा, मग बोट चालवणारा तांडेल म्हणून मी, मग बोट पाण्यात. तिने घेतला नाही तर खलाशी पाय ठेवणार नाहीत. पहिल्या फेरीला काही झालं तर बोल तिलाच लागेल. एक घोट म्हणजे पिणं नव्हे, तो मान आहे. मीही रोज संध्याकाळी घेतो, म्हणून काय बेवडा झालो? उगाच तिला घाबरवू नको.

तुझ्या प्रफुल्लरावांना सांभाळ. मायेत कमी नाही, रागावू नको.

तुझा दादा, धर्मेश

सरावली, ४ ऑगस्ट

तीर्थरूप दादास शि. सा. न. वि. वि.

सोबत राखी आहे, आईकडून बांधून घे. ह्यांची पाळी बदलली, तेव्हा सणालाही येणं नाही आणि येत्या रविवारी पामलाही नाही.

काल मात्र हे माझ्याबरोबर पामला आले. आईला बघून दारातच खिळले. आपल्या घरी पहिला पाट मागणारा जावई सासूशेजारी बाकाच्या कडेला बसला. तिथले लोक सांगतात, घात पहिल्याच घोटाने होतो, पुढचे आपोआप येतात. घरी येऊन हे म्हणाले, आईंनी पौर्णिमेला घेतला तर मी कुणाकडे बघून सोडू? दादा, वाटीत नारळपाणी घाल. मी पाया पडते.

माझं एवढं ऐक, म्हणजे माया पोचली समजेन.

तुझी दीपा

एडवण, ११ ऑगस्ट

चि. दीपास,

राखी मिळाली. नारळपाणी घातलं नाही. देवीला फसवायचं धाडस झालं नाही. दारूच भरली आणि सगळ्या गावासमोर आईपुढे धरली. म्हटलं, लाजेकाजेने घेईल.

तिने वाटी हातात घेतली. मग ती माझ्याकडे परत देऊन मोठ्याने म्हणाली, "मी सोजराबाई. मी बेवडी हाय, म्हणून घेणार नाय. बोट माझीच हाय, जाऊ द्या." बायकांनी तोंडाला पदर लावले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात जिवल्या, आपला जुना खलाशी, तिच्या पाया पडला आणि बोटीवर चढला. त्याच्यामागून बाकीचे.

वाटी माझ्या हातात राहिली. आता तांडेलाची पाळी. मी ती खाली ठेवली असती तर कुणी काही म्हणालं नसतं. दीपा, हात खाली जाईचना. मी ती एका दमात संपवली, मग बाटलीत उरलेलीही, आई समोर उभी असताना. सोडायला गेलो तेव्हा कळलं की सुटत नाही. बोट जिवल्याने नेली. मी वाळूत बसून होतो.

काल आई टोपली घेऊन निघाली तेव्हा मी मुकाट मागून एसटीत चढलो. तिने वळून पाहिलंसुद्धा नाही. कंडक्टरला म्हणाली, "बोईसर, दोन."

आशीर्वाद द्यायचं तोंड नाही. या खेपेला तूच माया ठेव.

तुझा दादा, धर्मेश