रंजनाकाकूंचं कागदावरचं नाव

नल्लकुंटा, हैदराबाद
४ जुलै २०२५

सौ. रेणूताईस,
सा. न. वि. वि.

परवा दुपारी आमच्या ऑफिसच्या प्रमोदसरांनी दुसऱ्या एका फायनान्स कंपनीची नोटीस माझ्या कीबोर्डवर आपटली, आणि त्या घडीला माझं सगळं पालटलं. फोनवर मी ओरडतो आणि तुला अर्धं कळत नाही, असं तूच म्हणालीस, म्हणून कागदावर लिहितोय. अक्षराला हसू नकोस. मराठी लिहून जमाना झाला.

माझं काम तुला माहीत आहे. आमची कंपनी घर तारण ठेवून कर्ज देते आणि मी त्या तारणाची नोंद सरकारच्या केंद्रीय नोंदणीत करतो. कर्जदाराचं नाव, पॅन, घराचा नंबर. उद्या त्याच घरावर दुसरं कुणी कर्ज द्यायला निघालं तर ते आधी तिथं नाव टाकून शोधतात. नोंद दिसली की हात आखडता घेतात. ज्याची नोंद बरोबर आणि आधीची, त्याचा हक्क पहिला. चुकीच्या नावानं केलेली नोंद म्हणजे न केल्यासारखीच.

गौलीगुड्याच्या रंजनाकाकूंची फाइल माझ्या हातची. काकू म्हणजे त्रिवेणीची आई. हौ, तीच त्रिवेणी, आता सुरू होऊ नकोस. एम्ब्रॉयडरीच्या मशिनी घ्यायला काकूंनी घर तारण दिलं. मी घर बघायला गेलो तर चहा घेऊन त्रिवेणी आली. मग मला फाइल कसली दिसते! दारावर रंजना, गल्लीत रंजना, मी पण रंजनाकाकूच म्हणायचो. तेच नाव नोंदीत ठोकलं. पॅनची झेरॉक्स फाइलीत होती, ती उलटून बघायचा कंटाळा केला, ती जागा रिकामी सोडली. घराचा नंबरसुद्धा दारावर रंगवलेला घेतला, घराच्या खतातला नाही.

ताई, कागदोपत्री काकू चतुराबाई आहेत. रंजना हे लग्नात सासरच्यांनी ठेवलेलं नाव. घर त्यांना वडिलांकडून मिळालं, म्हणून खतावर माहेरचं नाव. पॅनवर तेच, आमच्या करारावरची सहीसुद्धा त्याच नावाची. त्यांनी काहीच लपवलं नव्हतं.

त्रिवेणीचा भाऊ प्रशांत. त्यानं हेच घर, जिची नोटीस आली त्या दुसऱ्या कंपनीकडे गहाण टाकलं. मशिनींच्या विम्याचे कागद आहेत असं सांगून आईच्या सह्या घेतल्या. त्या कंपनीनं चतुराबाई टाकून शोधलं, घर कोरं दिसलं, कर्ज देऊन टाकलं. प्रशांत पैसे घेऊन पळाला, फोन बंद. आता घरावर त्यांचा हक्क पहिला आणि आमची कंपनी मागं.

सर म्हणतात की मी लिहून द्यावं, बाईनं खरं नाव लपवलं, पॅन दिलाच नाही. मग कंपनी काकूंवर फसवणुकीची केस करणार आणि माझी नोकरी राहणार. एक सहीच तर आहे, मियाँ, लाइट लो, असंही म्हणाले. माझं डोकं असं फिरलं की टेबल उलटं करणार होतो.

काय करू ते लवकर लिही. बाबांना सांगू नकोस. कॉलेज सोडल्यापासून ते माझ्याशी फक्त टीव्हीच्या रिमोटपुरतं बोलतात. भावजींना नमस्कार. ओरडलीस तरी चालेल, पण माया कमी करू नकोस.

तुझा
संदेश


नांदेड
९ जुलै २०२५

चि. संदेश यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षराला हसले नाही, हसायचं सुचलंच नाही.

अरे शहाण्या, माझ्या लग्नात तू होतास ना? ताम्हणातल्या तांदळात यांनी अंगठीनं वंदना लिहिलं, तेव्हा तू माझ्या मागंच होतास, सगळं लक्ष पंगतीकडे. इथं मला सगळे वंदनाच म्हणतात. आमच्या बिल्डिंगखाली येऊन रेणू कुठं राहते म्हणून विचारलंस तर वॉचमन तुला परत पाठवेल. आणि बँकेत मी अजून रेणूच आहे, तेही बाबांच्या आडनावाची. दोन नावं असणं म्हणजे फसवणूक असेल तर आपल्यातल्या निम्म्या बायका आत जातील. हे तुला कळायला पाहिजे होतं रे. दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर समजले असते, तू आपल्यातला असून केलीस.

आता ऐक. टेबलं उलटी करायची नाहीत. राजीनामाही तोंडावर मारायचा नाही. आजारी आहे म्हण, चार दिवस काढ. ती झेरॉक्स फाइलीत आहे का ते आधी बघ आणि मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेव. मग काकूंकडे जा आणि पाया पड. त्रिवेणीकडे बघायला नाही, काकूंकडे.

हे बरे आहेत. जेवत जा वेळेवर. जीव तुझ्यात अडकलाय एवढं ध्यानात ठेवून वाग.

तुझी
रेणूताई


नल्लकुंटा
१४ जुलै २०२५ (कुरिअरनं)

सौ. रेणूताईस,
सा. न. वि. वि.

झेरॉक्स फाइलीत नाही. होती, मी शपथेवर सांगतो, आणि आता नाही. टाचणीची भोकं तेवढी आहेत.

गौलीगुड्याला गेलो. दार त्रिवेणीनं उघडलं, आत ये म्हणाली नाही. इतके दिवस आमच्याकडे चहा प्यायलास, आणि आईचं नाव काय असं एकदाही विचारलं नाहीस, असं म्हणाली.

आतून काकूंनीच बोलावलं. पाया पडू दिलं नाही. मशिनी बंद, त्यांच्यावर चादरी टाकलेल्या. काकू म्हणाल्या की लग्नानंतर चतुरा म्हणून हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं, आता पोलीस त्याच नावानं हाक मारतील. हे त्या हसत म्हणाल्या. मला ते हसणं सहन होईना. प्रशांतबद्दल एक शब्द वाईट बोलल्या नाहीत, उलट तो जेवत असेल का म्हणून मलाच विचारत होत्या.

ऑफिसात सरांनी नवाच डाव टाकलाय. सही केली नाही तर कंपनी पोलिसांत लिहून देणार की मी आणि काकू आतून मिळालेले होतो, पोरीसाठी मी मुद्दाम चुकीचं नाव टाकलं. त्रिवेणीपायी मी वेडा आहे हे ऑफिसात चहावाल्यालाही माहीत आहे, साक्षीदार कमी पडणार नाहीत. शुक्रवारपर्यंत सांगायचंय.

माझ्यावर चिडलीस तरी पत्र धाड.

तुझा
संदेश


नांदेड
१६ जुलै २०२५ (कुरिअरनं)

चि. संदेश यास,
आशीर्वाद.

सही कर.

मागच्या पत्रात मोठ्या गप्पा मारल्या, त्या मीच मारल्या हे विसरले नाही. पण तेव्हा तुझं नाव त्यात नव्हतं. पोलीस केस झाली तर पुढं पासपोर्ट नाही, नोकरी नाही, लग्न नाही. बाबा हे सोसणार नाहीत. काकूंना वकील मिळेल, बाईमाणूस म्हणून कोर्ट दया करेल. तुझ्यावर कोण करणार? मी वाईट आहे असं समज हवं तर. माझी शपथ आहे. पदर पसरून मागते.

रेणूताई


नल्लकुंटा
१८ जुलै २०२५

सौ. रेणूताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात घेऊनच आज ऑफिसला गेलो. रागावलो नाही. तुझ्या जागी मीही हेच लिहिलं असतं. जे केलं त्यानंतरही मला आपला म्हण, एवढंच मागणं आधी लिहून ठेवतो, शेवटी सुचणार नाही.

केबिनमध्ये कंपनीचे वकील होते. कागद इंग्रजीत टाइप करून तयार. कर्जदार बाईनं रंजना या खोट्या नावानं वावरून कंपनीची दिशाभूल केली, असं त्यात. मी सरांना विचारलं की तुमच्या बायकोचं लग्नाआधीचं नाव काय. सर पुण्याचे, आपल्यातलेच, त्यांना बरोबर लागलं. म्हणाले घरच्यांना मध्ये आणायचं नाही. मी म्हटलं, काकूही कुणाच्या तरी घरच्याच आहेत.

मग तो कागद उलटा केला आणि मागं मराठीत लिहिलं. चतुराबाईंनी पॅनची प्रत आणि घराचं खत मला दिलं होतं. नाव आणि घराचा नंबर न तपासता मी टाकले. बाईनं काही लपवलं नाही. खाली सही केली. वकिलांसमोर मोबाइलवर फोटो काढला आणि तो काकूंना पाठवला. वकिलांनी कपाळाला हात लावला.

सर ओरडले नाहीत. म्हणाले की हे वाचून पोरगी गळ्यात पडेल असं वाटत असेल तर तू हौला आहेस, ठार वेडा. त्यांना माहीत नाही, त्रिवेणीनं कालच कळवलंय. ती आईला घेऊन बिदरला मामाकडे चाललीय, आणि मी तिकडे तोंड दाखवायचं नाही. घर जाणारच आहे, त्या कंपनीची नोंद पहिली, माझ्या चार ओळींनी ते टळत नाही. काकूंना चोर ठरवायला माझी सही मात्र मिळाली नाही. तक्रार आता माझ्यावर होईल. बाबांना मी स्वतः सांगेन, तू मध्ये पडू नकोस.

ओळखपत्र गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं. सरांनी मागून विचारलं, आता जाणार कुठं. मी बाहेर पडलो आणि दार लावून घेतलं.

तुझा
संदेश