हळद लागलेल्या बाहुलीचा खुलासा

प्रति,
मा. बाल विकास प्रकल्प अधिकारी,
तालुका प्रकल्प कार्यालय.

विषय : शासकीय बाहुलीला हळद लावल्याचा खुलासा, व सदर बाहुली पंचमीच्या आत परत मिळणेबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, दि. ७/७/२०२५.

महोदय,

अर्जदार शिवकांता होनराव या धानोरवाडीच्या अंगणवाडीत अठरा वर्षांपासून सेविका आहेत. 'बाहुलीस डाग पाडले, सेवेतून कमी का करू नये?' अशी नोटीस त्यांना पोचली. खुलासा असा.

१. डाग खरे आहेत. जूनमध्ये खेळांची पेटी आली. फोटो काढून कुलूप लावा, असा तोंडी निरोप होता. अर्जदारांनी लावले नाही. 'मुलांना खेळू द्या' असे पेटीवरच छापले होते, आणि अर्जदारांना वाचता येते.

२. अंगणवाडीत राजकन्या नावाची साडेचार वर्षांची मुलगी आहे. आई वारल्यापासून सात महिने ती कोणाशी एक शब्द बोलली नव्हती. लातूरच्या बाजारात बांगड्या भरायला निघालेल्या शेळीची गोष्ट अर्जदारांनी नाचून सांगितली. पोरगी भिंतीला टेकून गप्प. मग पोरांनी पेटीतल्या बाहुलीचं लग्न मांडलं. मातीचे लाडू झाले. हळद खिचडीच्या डब्यातली. ती लावताना राजकन्या एकाएकी उठली आणि म्हणाली, "तसं न्हाई. आधी आईनं लावायची असती. सरका, मी तिची आई हाय." मदतनीस रुक्मिणबाईंच्या हातातलं उलथनं खाली पडलं.

३. दुसऱ्याच दिवशी पर्यवेक्षिका मंजुश्री मॅडम जीप घेऊन आल्या. अकरा गावांत पेटी एकच फिरते, फोटो मात्र अकरा निघतात, हे तेव्हा कळले. एवढी बाहुली राहू द्या म्हणून अर्जदारांनी हात जोडले. मॅडम म्हणाल्या, "बाई, वापरलं का खराब होतंय. पुढच्या गावचा फोटो राहिलाय." बाहुली जीपमध्ये बसली. पोरांना वाटले, नवरी सासरी निघाली. राजकन्येने डोळे पुसत हात हलवला.

४. सासरची लेक पंचमीला माहेरी येते, हे तिला ठाऊक आहे. ती रोज विचारते, "बाई, आणायला मुराळी कवा धाडायचा?" अर्जदार म्हणाल्या, "धाडू की." तिने दाराच्या कडीला सुतळीचा वीतभर झोका बांधून ठेवला आहे. पंचमी २९ तारखेला आहे. त्या दिवशी झोका रिकामा राहिला आणि पोरगी पुन्हा मुकी झाली, तर ते आपल्या ॲपच्या कोणत्या रकान्यात भरायचे, तेवढे कळवावे.

५. 'गोष्टीतून व खेळातून शिक्षण' याची माहिती आपण दरमहा मागवता. अर्जदारांनी ते खरेच केले, हा त्यांचा गुन्हा. कमी करायचे तर खुशाल करावे. आधी बाहुली द्यावी.

हा अर्ज टपालाने धाडलेला नाही. राजकन्येचे आजोबा दगडोबा तो घेऊन आपल्या दारात उभे आहेत. नातीने त्यांना मुराळी केले आहे. फेटाही तिनेच बांधायला लावला. लेक घेतल्याशिवाय मुराळी माघारी जात नसतो.

डाग कबूल असलेली,
शिवकांता होनराव
अंगणवाडी सेविका, धानोरवाडी
दि. २१/७/२०२५

सोबत :
१) नोटिसीची प्रत.
२) ज्वारीच्या लाह्यांची पुडी. बाहुलीच्या सासरच्या मंडळींसाठी, राजकन्येकडून.